जमिनीवरची भीती

ग्रूस बेटावर हिवाळ्यात गाडी चालवायचे नियम जगाच्या उलटे आहेत. उत्तर अमेरिकेतलं सुपीरियर सरोवर नीट गोठलं की बेटापासून समोरच्या पोर्ट हॅलक गावापर्यंत बर्फावरूनच रस्ता होतो. नाताळ उरकला की घराघरांतली नाताळची झाडं गोळा करून लोक ती रस्त्याच्या दोन्ही कडांना बर्फात रोवतात, म्हणजे वादळात वाट चुकत नाही. आणि उतारावरून गाडी बर्फावर घालण्याआधी प्रत्येक जण थांबतो, सीटचा पट्टा सोडतो आणि काच खाली करतो. मग थंडी किती का असेना. बर्फ फुटलाच तर बाहेर पडता आलं पाहिजे, एवढंच त्यामागचं शास्त्र. पलीकडे चाक जमिनीला लागलं की काच वर आणि पट्टा पुन्हा अंगावर. बेटावरची पोरं चालायला शिकावं तितक्या सहज हे शिकतात. बाहेरचा माणूस ओळखायचा असेल तर बर्फावर त्याच्या गाडीची काच बघावी.

आर्वो लहती बाहेरचा नव्हता. तो बेटावरच जन्मला आणि घरं तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करत साठीला आला. गुडघे टेकून तो बसला नाही असं तळघर बेटावर नव्हतं. तरी नव्वदीच्या दशकातल्या एका मार्चमध्ये त्याच्या हातून बाहेरच्या माणसाला शोभेल अशी चूक झाली. पोर्ट हॅलकला दाढ काढायला गेला होता. अर्धा गाल बधिर, तोंडात कापसाचा बोळा, डोकं जड. परतताना उतारावर थांबायचंच विसरला. पट्टा तसाच, काच तशीच. अर्ध्या वाटेवर जिथे बर्फाला दर वर्षी भेग पडते, तिथे गाडीचं नाक खाली गेलं.

गाडी पुढे झुकली तसा पट्टा ताठ झाला आणि छातीवर आवळून बसला. पाणी आधी पायांशी आलं, मग मांड्यांवर. अंगात जाड कोट, हातात जाड हातमोजे, आणि बक्कल कोटाच्या घडीखाली कुठेतरी हरवलेलं. शेवटी दातांनी हातमोजा ओढून काढला तेव्हा बोटांना ते बटण लागलं. काचेचा दांडा फिरवून तो खिडकीतून बाहेर आला, ते मागून येणाऱ्या शेजाऱ्याने, बड गॉसलिनने, फेकलेल्या दोरीला धरून. गाडी आणि सगळी हत्यारं तळाला गेली. आर्वोला साधी सर्दीही झाली नाही.

"फिनिश रक्त आहे," बड गावभर सांगत सुटला. "सौनातली वाफ घेऊन झाली, आता गार पाण्यात बुडी, असं वाटलं असेल त्याला!"

सगळ्यांची खात्री होती की आता आर्वो बर्फावर पाऊल ठेवणार नाही. आठवडाभराने तो बडची जुनी पिकअप घेऊन त्याच बर्फावरून शीळ घालत गेला. लोक म्हणाले, वाघ आहे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं आपण म्हणतो. आर्वोचं त्याहून विचित्र झालं होतं. तो दूध घटाघटा प्यायचा आणि ताक बघून पळायचा. बर्फावर पट्टा सोडलेला, काच उघडी, आणि सगळ्यांचीच तशी. तिथे त्याला काहीच होत नसे. भीती सुरू व्हायची ती पलीकडच्या पक्क्या डांबरी रस्त्यावर, जिथे पट्टा लावायचा असतो. बक्कल लागल्याचा आवाज झाला की छाती आवळायची, कानांत पाणी भरल्यासारखं व्हायचं आणि हात आपोआप बटणावर जायचा. पोर्ट हॅलकच्या पोलिसाने त्याला दोनदा अडवलं. मग आर्वोने पलीकडची कामं घेणं बंद केलं. "वय झालं," असं कारण दिलं. लोकांना ते पटलं.

भीतीही एका जागी बसून राहणारी नव्हती. पट्ट्यावरून ती शर्टाच्या गळ्याच्या बटणावर आली. केस कापताना न्हाव्याने गळ्याभोवती फडकं बांधलं तर आर्वो खुर्चीतून उठायचा. चर्चच्या संडासाला तो आतून कडी लावत नसे. बाहेर बायको लेम्पी उभी असायची, हातात पर्स धरून, पहारेकऱ्यासारखी. आणि शनिवारचा सौना, म्हणजे फिन लोकांचं आठवड्याचं वाफेचं स्नान, त्यातही तो दार किलकिलं ठेवू लागला.

"सरोवर वितळवायचा विचार आहे का?" लेम्पी पहिल्या शनिवारी म्हणाली. "दार लाव. लाकडं काय फुकट येतात?"

"जरा हवा लागते."

"सौनात हवा! तुझ्या आईने ऐकलं असतं तर थडग्यातून उठून दार लावून गेली असती."

पण तिने दार लावलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं की हा माणूस हवेसाठी दार उघडं ठेवत नाही. त्याने सांगेपर्यंत आपण विचारायचं नाही, असं तिने ठरवलं. ते सांगणं यायला दोन हिवाळे गेले.

निमित्त झालं बडच्या गुडघ्याचं. बेटावर शाळा फक्त पाचवीपर्यंत होती. त्यापुढची सात मुलं रोज पोर्ट हॅलकच्या शाळेत जायची आणि हिवाळ्यात त्यांना बर्फावरून नेणारी व्हॅन बड चालवायचा. त्या डिसेंबरात डॉक्टरांनी त्याचा गुडघा बदलायचं ठरवलं. बड काठी टेकत लहतींच्या स्वयंपाकघरात आला, बसला, आणि लेम्पीने पुढ्यात ठेवलेल्या वेलदोड्याच्या पावाचा मोठा तुकडा त्याने तोंडात टाकला.

"आर्वो, व्हॅन तू घे."

"मी? मी भट्टीवाला आहे."

"बर्फ तुझ्याइतका कळणारा दुसरा कोण आहे इथे? तू तर आतून बघून आलायस."

"नाही जमणार."

"का? कोणती राजाची भट्टी अडलीय?"

आर्वोने पावाचं ताट बाजूला सारलं. बडने हसणं थांबवलं. "हे बघ, ड्रायव्हर मिळाला नाही तर शाळेवाले म्हणतात, जानेवारी ते मार्च पोरांना पलीकडेच ठेवू. कुणाच्या घरी पैसे देऊन. शनिवार-रविवारी जमलं तर आणू."

बड गेल्यावर आर्वो बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. लेम्पी भांडी पुसत होती. ती काय ते समजून होती. आर्वोच्या लहानपणी हिवाळ्यात बेटावरून शाळेत नेणारी गाडीच नव्हती. अकराव्या वर्षापासून त्याचे चार हिवाळे पोर्ट हॅलकच्या एका विधवा बाईच्या माडीवर गेले होते. बाई वाईट नव्हती. जेवायला द्यायची, कपडे धुवायची. पण संध्याकाळी माडीच्या खिडकीतून बेटावरचे दिवे दिसायचे, आणि त्यांतला आपल्या घरचा कुठला हे त्याला ओळखता यायचं. याबद्दल त्याने लेम्पीला लग्नाआधी एकदाच सांगितलं होतं.

"मी जाऊ शकत नाही," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "बर्फावरून नेईन. डोळे मिटून नेईन. पण पलीकडे उतरल्यावर शाळेपर्यंत तीन मैल रस्ता आहे. तिथे पट्टा लावावा लागतो. मला तो लावता येत नाही, लेम्पी."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"संडासाबाहेर उभी राहते ती काय हवा खायला?"

तो हसला, पण ते हसू पुरं झालं नाही. लेम्पीने फडकं खांद्यावर टाकलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"मला एक सांग. भट्टी चांगली आहे, आग नीट जळतेय, तरी तिचा सेफ्टी स्विच सारखा पडतो आणि ती बंद होते. अशी भट्टी आली तर तू काय करतोस? स्विच उपटून फेकतोस?"

"वेडी की काय! घर जळेल."

"मग?"

"मग काय... थंड होऊ द्यायची. पुन्हा चालू करायची. पडला स्विच तर पडू द्यायचा, पुन्हा थंड, पुन्हा चालू. समोर बसून राहायचं. घाई केली की बिघडतं."

"मग चल, गाडीत बसू. मी कॉफी घेते."

असा तो उद्योग सुरू झाला. दुपारचं जेवण झालं की दोघं कोट-टोप्या घालून अंगणातल्या पिकअपमध्ये जाऊन बसायची. इंजिन बंद. आर्वो पट्टा लावायचा आणि हात बक्कलवरच ठेवायचा. छाती आवळायची, कपाळावर घाम यायचा, आणि तो बटण दाबून मोकळा व्हायचा. लेम्पी संत्रं सोलत असायची. ती धीर द्यायची नाही, शाबासकीही द्यायची नाही. नियम एकच होता: पट्टा उघडायचा तो आर्वोनेच, त्याला हवा तेव्हा, आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही. ती बोलायची ते शेजारणीच्या सुनेबद्दल, चर्चच्या गळक्या छपराबद्दल. एका दुपारी अशीच सुनेची गोष्ट रंगात आली आणि ती संपेपर्यंत पट्टा लागलेलाच राहिला. दोघांच्याही ते लक्षात आलं. लेम्पीने दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

मग त्याने हातमोजे घालून बक्कल उघडायचा सराव केला. मग डोळे मिटून. मग मुद्दाम कोटाची घडी बक्कलवर ओढून.

बड खिडकीतून हे सगळं बघत असणारच. एके दिवशी काठी टेकत आला आणि त्याने काचेवर टकटक केलं. "काय रे म्हाताऱ्यांनो, घर भाड्याने दिलंत की पळून चाललायत?"

"लग्नाआधी याच्याकडे गाडी नव्हती," लेम्पी म्हणाली. "राहून गेलं होतं ते आता करतोय. तू जा, मध्ये कडमडू नकोस."

बड हसत हसत गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून अंगणाच्या बाजूला फिरकला नाही.

पुढची पायरी म्हणजे बेटावरचा रस्ता. पट्टा लावून, सावकाश. काही दिवस बरे गेले. मग एका वळणावर झाडीतून हरीण आडवं आलं. आर्वोने ब्रेक दाबला आणि पट्टा ताठ होऊन छातीवर बसला. अगदी त्या दिवसासारखा. हरीण गेलं, गाडी थांबली, आणि पुढच्या क्षणी आर्वो गुडघाभर बर्फात उभा होता. दार सताड उघडं, श्वास भात्यासारखा. झालं, त्याला वाटलं. सगळं पाण्यात गेलं.

आतून लेम्पीचा आवाज आला, "दार लाव बाबा, मी गारठले."

त्याने दार लावलं. बाहेरच उभा राहिला. मग त्याचं लक्ष आपल्या हातांकडे गेलं. हातमोजे अजून हातातच होते. पट्टा आवळला होता, आणि त्या आवळलेल्या पट्ट्याचं बक्कल त्याने हातमोज्यांसकट उघडलं होतं. कधी उघडलं हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. इतके दिवस त्याला वाटत होतं की हा पट्टा आवळतो. आता त्याला दिसलं की तो आवळतो आणि उघडतोही.

तो आत येऊन बसला. "पुन्हा," म्हणाला, आणि त्याने पट्टा लावला. घरी जाईपर्यंत त्याचे ओठ पांढरे होते. पण त्या संध्याकाळी त्याने बडला जाऊन सांगितलं, की शाळेवाल्यांना कळव, मी बघतो करून.

जानेवारीत शाळेकडून मिसेस क्लिमेक आल्या. सगळ्या शाळेच्या गाड्या त्यांच्या हाताखाली होत्या. नव्याच होत्या, दक्षिणेकडच्या शहरातून आलेल्या. नव्या ड्रायव्हरने त्यांच्या डोळ्यांदेखत त्याच रस्त्यावर गाडी चालवून दाखवल्याशिवाय तो त्यांना पसंत नसे. आदल्या दिवशी बर्फाची जाडी मोजण्यासाठी रस्ता बंद होता, म्हणून मागे विमानाचा पंखा लावलेल्या घसरगाडीतून त्या बेटावर आल्या आणि रात्री बेटावरच्या शिक्षिकेकडे राहिल्या. सकाळी त्या व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसल्या आणि बसताक्षणी त्यांनी पट्टा लावला.

बेटावरचा रस्ता आर्वोने पट्टा लावून पार केला. उतारावर गाडी थांबवली, आपला पट्टा सोडला, काच खाली केली.

"मॅडम, पट्टा सोडा."

"माझा राहू दे."

"बर्फावर चालत नाही. पोरांचेही मी इथे सोडायला लावणार."

"मला नियम माहीत आहे, मिस्टर लहती. मी वाचलाय." त्यांचा हात बक्कलवर होता, पण बोटं हलत नव्हती. "तुम्ही चला."

"नाही जाता येणार."

आर्वोने हँडब्रेक ओढला. मग त्या समोर बघत म्हणाल्या, "एकवीस वर्षांपूर्वी आमच्या गाडीला अपघात झाला. माझा पट्टा होता. बहिणीचा नव्हता. त्यानंतर मी उभ्या गाडीतही पट्टा काढून बसलेली नाही. हसू आलं तर हसा."

आर्वोला हसू आलं नाही. या बाईंच्या हातात आपली नोकरी आहे, हेही त्या क्षणी त्याच्या मनात नव्हतं. तो लेम्पीच्या सुरात म्हणाला, "घाई नाही. फक्त बक्कल उघडा. पट्टा सोडू नका, हातात धरून ठेवा. घट्ट धरा. तो तुमच्याजवळच आहे."

बाईंनी बक्कल उघडलं आणि पट्ट्याचं टोक मुठीत धरलं. गाडी बर्फावर उतरली. दोन्ही बाजूंनी वाळलेली नाताळची झाडं मागे पडत गेली. एकावर कुणाच्या तरी घरचा चंदेरी कागद अजून लटकत होता. आर्वो बोलत राहिला. छपराबद्दल, बडच्या गुडघ्याबद्दल, या वर्षी मासा कसा कमी आहे त्याबद्दल. भेगेवर टाकलेल्या फळ्यांवरून चाकं गेली तेव्हा खालून खोल, ढोलासारखा आवाज आला.

"हे काय?"

"बर्फ बोलतो. बोलतो तोवर ठीक. गप्प बसला की मी उतरून बघतो."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"इथे नाही."

पोर्ट हॅलकचा किनारा आला. चाकं वर चढली आणि डांबराला लागली. मिसेस क्लिमेकनी मुठीतला पट्टा खाडकन लावला आणि मोठा श्वास सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं की गाडी हलत नाहीये.

आर्वोचा हात पट्ट्यावर होता. घरी, बेटावर, लेम्पीशेजारी हे जमत होतं. पण या किनाऱ्यावर त्या दाढेच्या दिवसानंतर त्याने एकदाही पट्टा लागलेला राहू दिला नव्हता. कानांत पाणी भरू लागलं. काहीतरी कारण काढून खाली उतरावं, चाक बघितल्यासारखं करावं, आणि मग पट्टा नुसता खांद्यावरून ओढून घ्यावा. कोटाच्या घडीखाली बाईंना बक्कल दिसलंही नसतं. हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि थोडा वेळ राहिलाही.

"आता माझी पाळी," तो म्हणाला. "मला जरा वेळ लागतो. बोलू नका."

आर्वोने श्वास घेतला, सोडला, पट्टा ओढला, लावला. हात बक्कलवर ठेवला. छातीतला स्विच पडला. त्याने तो पडू दिला आणि थांबला. समोरच्या खाणावळीच्या खिडकीतून दोघं-तिघं कॉफीचे कप घेऊन बघत होते. हळूहळू कानांतलं पाणी उतरलं. त्याने हात उचलून चाकावर ठेवला, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं: दाढ, भेग, बक्कल, दोन वर्षं.

"हे मला का सांगितलंत?" मिसेस क्लिमेकनी विचारलं. "मी विचारलं नव्हतं."

"एखादा दिवस वाईट उगवेल. तेव्हा आजच्यापेक्षा जास्त वेळ लागेल. तुम्हाला माहीत असलेलं बरं."

"आणि त्या दिवशी मागे सात मुलं असतील. तेव्हा काय कराल? पट्टा न लावता जाल?"

"गाडी उभी राहील. पट्टा लागल्याशिवाय चाक हलणार नाही. पोरांना उशीर होईल, दुसरं काही होणार नाही."

"ही काच?" बाईंनी त्याच्या बाजूच्या खिडकीकडे बोट दाखवलं. जमिनीवर आल्यावरही ती चार बोटं उघडी होती.

"ती एवढी उघडी राहील. अजून तिथवरच पोचलोय."

"मुलांना थंडी वाजेल."

"बेटावरची पोरं आहेत, मॅडम. आणि वारा माझ्याच कानाला लागतो."

"काचेबद्दल कायद्यात काही नाही," मिसेस क्लिमेक म्हणाल्या, आणि त्यांनी कोटाची कॉलर वर केली. "चला. शाळा कुठे आहे ते मला माहीत आहे, पण तुम्ही कसे जाता ते बघायचंय."

शाळेपर्यंतचे तीन मैल त्याने सरळ, शांत चालवले. एकदा हात बक्कलकडे गेला आणि परत चाकावर आला. शाळेच्या फाटकाशी उतरताना बाई म्हणाल्या, "सोमवारपासून." आणि दार लावून गेल्या.

आर्वो लहतीने पुढे अकरा हिवाळे ती व्हॅन चालवली. त्या काळात बेटावरचं एकही मूल पलीकडे कुणाच्या माडीवर राहिलं नाही. गळ्याचं बटण तो शेवटपर्यंत उघडंच ठेवायचा, पुढे बडच्या दफनालासुद्धा. पण न्हाव्याचं फडकं सोसू लागला आणि संडासाची कडी लावू लागला. शाळेला उशीर दोनदा झाला. एकदा इतकं धुकं होतं की झाडं दिसत नव्हती. दुसऱ्यांदा आभाळ स्वच्छ होतं आणि व्हॅन पोर्ट हॅलकच्या उतारावर नुसती उभी होती. मागून एका मुलीने विचारलं, "मिस्टर लहती, थांबलो का?"

"मी तयार होतोय," आर्वो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि मुलांनी तोवर गणिताचा राहिलेला अभ्यास काढला.